अणू, आयन आणि मोजपट्टी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी माझ्या उत्तरपत्रिकेवर एकदा तांबड्या शाईने प्रश्न लिहिला होता. ‘क्लोरीनच्या अणूचा आयन झाला की त्याची त्रिज्या जवळजवळ दुप्पट होते’ या माझ्या वाक्याला पूर्ण गुण देऊन त्यांनी शेजारी लिहिले : ‘कोणत्या मापाने?’ त्याचे उत्तर सापडण्यास मला पुष्कळ वर्षे लागली.

सोडियमचे प्रकरण सोपे आहे. धातुरूप सोडियममध्ये अणूची त्रिज्या सुमारे १८६ पिकोमीटर असते. पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. मिठाच्या स्फटिकात तोच अणू एक इलेक्ट्रॉन गमावतो आणि त्रिज्या १०२ वर येते, म्हणजे घनफळ सुमारे एक षष्ठांश उरते. ११ इलेक्ट्रॉनांपैकी एकच गेला खरा. परंतु तिसऱ्या कवचात तो एकटाच होता, त्याच्यासवे ते कवचच रिकामे झाले. उरलेल्या दहांना केंद्रकातील ११ प्रोटॉन आत ओढून धरतात.

क्लोरीनची त्रिज्या पुस्तकात ९९ आणि क्लोराइड आयनाची १८१ दिलेली असते. १७ प्रोटॉनांभोवती अठरावा इलेक्ट्रॉन आला, परस्परांतील प्रतिकर्षण वाढले, मेघ फुगला, हे खरेच. पण ९९ हे माप रेणूत घट्ट बिलगलेल्या दोन अणूंच्या केंद्रकांमधील अंतराचे निम्मे आहे. परस्परांशी बंध नसलेले क्लोरीनचे दोन अणू जवळ येऊन जेथे थांबतात, त्यावरून काढलेली त्रिज्या १७५ भरते. १७५ वरून १८१! माझे ‘दुप्पट’ बहुतांशी मोजपट्टी बदलल्याने झाले होते.

मग १८१ तरी कोठून आले? विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाची रचना उलगडली. तीत शेजारच्या दोन केंद्रकांमधील अंतर २८२ आहे. पण सोडियमची हद्द कोठे संपते, हे ते अंतर सांगत नाही. १९२० मध्ये आल्फ्रेड लांडे यांनी तोड काढली. लिथियम आयोडाइडमध्ये लिथियम इतका लहान की आयोडाइड आयन एकमेकांना टेकलेलेच असणार, असे त्यांनी गृहीत धरले. त्यांच्यातील अंतराचे निम्मे ती आयोडाइडची त्रिज्या. बाकी सारी वजाबाकी. १९२७ मध्ये पॉलिंग यांच्या गणिताने सोडियम आयनाला ९५ दिले, १९७६ च्या शॅनन यांच्या तक्त्यात तेच १०२ झाले. स्फटिकातील इलेक्ट्रॉनांची घनता मोजून, ती जेथे सर्वांत विरळ तेथे सीमा आखली, तर सोडियमच्या वाट्याला सुमारे ११७ आणि क्लोराइडच्या १६४ येतात. बेरीज जवळजवळ तीच. वाटणी तेवढी निराळी.