हापसा आणि आड



ज्याचे उभे आयुष्य विंधनविहिरी आणि हातपंप यांच्या दुरुस्तीत गेले अशा माणसाला आपण देशोदेशी साहाय्यकार्य करणाऱ्यांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदी बसविलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आणि ज्या एका विषयातले मला थोडेफार कळते त्याच्याच आधाराने चार व्यवहाराच्या गोष्टी आपल्यापुढे ठेवण्याची मी अनुज्ञा मागतो.

1972 च्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी मराठवाड्यातील एका गावी मी तपासणीस गेलो, तेव्हा मी जिथे नोकरीस होतो त्या संस्थेने बसविलेला हातपंप, ज्याला तिकडची माणसे हापसा म्हणतात, आठ महिने बंद पडून होता. आणि आमच्या दप्तरात मात्र 'बसविलेले पंप' या रकान्यात त्याची नोंद बिनचूक होती. डोक्यावर रिकामी घागर घेतलेली एक वृद्ध बाई मला म्हणाली, "सायेब, हापसा आला म्हणून आड कुणी उपसला नाही. आता हापसा बी बंद अन् आडात बी घाण." मी आडात डोकावून पाहिले. दरवर्षी उन्हाळ्यात सारे गाव मिळून ज्याचा गाळ काढीत असे, त्या आडाच्या तळाशी पालापाचोळा कुजत होता आणि काठच्या दगडावरील दोराच्या खाचांत माती भरली होती. आम्ही पाणी दिले होते खरे, परंतु ते देताना गावाची पाणी राखण्याची वहिवाट मोडली होती, हे त्या खाचा पाहिल्यावर मला प्रथम उमगले. पंपात बिघाड तो काय? जमिनीखालच्या सिलिंडरातले चामड्याचे वायसर झिजले होते. ते बदलण्यासाठी पाइपांची सारी माळ वर ओढावी लागे आणि त्याकरिता तालुक्याहून तिकाटणे, गाडी व चार-पाच माणसे यावी लागत.

त्या काळचे बिडाचे पंप हे मूळ युरोप-अमेरिकेतील एकेका शेतकरी कुटुंबाच्या अंगणासाठी योजलेल्या पंपांच्या नकला होत्या. जो दांडा दिवसातून मोजक्या वेळा हलावा तो आपल्याकडे पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत शेकडो हातांनी हालू लागला, तेव्हा तो मोडला यात नवल नव्हते. यावरील तोड कोणा दूरच्या राजधानीत निघाली नाही. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या कामावरील माणसांनी, मोडलेले पंप पुन्हापुन्हा उघडून पाहिल्यावर, दांड्याला एकच कणा ठेवून साखळीने गज सरळ उभा ओढण्याची रचना बसविली; तिच्यातूनच पुढे 1970 नंतरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क टू' हा पंप सिद्ध झाला आणि आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांत गेला. माझा पहिला आग्रह यातूनच निघतो: नवीन वस्तू आणण्यापूर्वी मोडलेली उघडून पाहा, आणि ती दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीशेजारी निदान एक दिवस बसा.

परंतु जी वस्तू एका भूमीत तावूनसुलाखून निघाली ती दुसऱ्या भूमीत टिकेलच, असे गृहीत धरणे हीही चूकच ठरली. पश्चिम आफ्रिकेत जिथे भूजल आम्लधर्मी होते तिथे याच पंपाचे जस्तलेपित पाइप गंजले, पाण्याला लोखंडाची चव आणि तांबूस रंग आला, आणि ते पाणी कपड्यांना व अन्नाला डाग पाडते म्हणून बायका पुन्हा जुन्या पाणवठ्याकडे वळल्या. त्या बायकांना अडाणी म्हणणारे अहवाल मी वाचले आहेत. मला त्यांची परीक्षा बरोबर वाटते.

दुरुस्तीचा अधिकार जिथे गावाच्या हाती गेला तिथे चित्र बदलले. राजस्थानात तिलोनियाच्या समाजकार्य व संशोधन केंद्राने खेड्यातल्याच तरुणांना हातपंपाचे मिस्त्री केले. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात महिला समाख्या या स्त्रीशिक्षणाच्या शासकीय कार्यक्रमाच्या आधाराने खेड्यापाड्यांतल्या बायका हाती पाना घेऊन पंप उघडू लागल्या. पुढच्या 'मार्क थ्री' मध्ये पाइप रुंद केला, तो अशासाठी की सारी माळ न काढता नुसता दट्ट्या वर ओढून वायसर बदलता यावे. माझ्या मते हा लहानसा फरक कित्येक परिषदांच्या ठरावांहून मोलाचा आहे.

आता जे सांगणे मला सर्वांत जड जाते ते सांगतो. बांगलादेशात तळ्यांचे दूषित पाणी पिऊन पटकी-हगवणीने मुले मरत होती, म्हणून युनिसेफ आणि तेथील सरकार यांनी उथळ नलिकाविहिरींचा पुरस्कार केला. हेतू निर्मळ होता, आणि पाणीही निर्मळ दिसत होते. त्या पाण्यात आर्सेनिक असेल अशी शंका नसल्याने त्याची तपासणी नेमाची नव्हती. 1983 मध्ये शेजारच्या पश्चिम बंगालात रुग्णांच्या तळहातांवर व तळपायांवर उठलेल्या कठीण गाठींतून विष उघडकीस आले होते, तरी बांगलादेशातील विहिरींत ते 1993 मध्ये सापडले. पुढे सुमारे 50 लाख विहिरी तपासून, लिटरला 50 मायक्रोग्रॅमहून अधिक विष निघाले तिथे तोटीला तांबडा रंग आणि बाकीच्यांना हिरवा रंग देण्यात आला. ते काम थोर होते. परंतु रंग उडाले, नव्या विहिरी निघाल्या, आणि पुन्हा फिरून जाणारे हात तितके उरले नाहीत. मित्रहो, आपण ज्या दारी पाणी नेले त्या दारी पाण्याची परीक्षा घेऊन दहा वर्षांनीही परत जाण्याचे दायित्व आपलेच असते, मग मंजुरीची मुदत संपलेली असो वा नसो.

आपल्यातील तरुणांना माझे सांगणे इतकेच की, ज्या प्रदेशात जाल तिथली भाषा निदान दुरुस्तीपुरती तरी शिका. दांड्याला, वायसरला, गळतीला तिथे काय म्हणतात हे माहीत नसेल तर तक्रार आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. सभेत पाटील बोलतात, पाणी बाया भरतात. म्हणून सभा आटोपल्यावर पाणवठ्यावर थांबा. आणि जुना आड, जुनी विहीर, जुना बंधारा बुजू देऊ नका; आपला पंप नवा असेतोवर त्यांची किंमत दिसत नाही.

समारोपाच्या बैठकीत मी एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात दहा वर्षांच्या दुरुस्तीची तजवीज असावी, अहवालातील 'बसविलेले' हा रकाना काढून तिथे 'आज चालू असलेले' असा रकाना घालावा, आणि काम पुरे झाल्याच्या पाचव्या वर्षी, आगाऊ वर्दी न देता, त्या गावी जाऊन तिथले पाणी तपासावे. या ठरावाच्या मसुद्यात ज्यांना दुरुस्ती सुचवायची असेल त्यांनी उद्या दुपारपर्यंत माझ्याकडे लेखी द्यावी.