बारीक काम म्हणजे सजावट नव्हे



आपल्या बचत गटात शिवणकाम, पापड, मेंदी असं सगळं चालतं. यंदा त्यात रणगाड्याची भर पडली! रिमोटवर चालणारा, घरी बनवलेला. मोटारी, बॅटरी आणि सायकलच्या चेनचे पट्टे ही जोडणी गटातल्या दोघींच्या मुलांनी केली. गाडी चालू झाली, तेव्हा आम्हाला निरोप आला, "आता तेवढी सजावट करा." आज आम्ही या 'सजावट' शब्दाबद्दलच बोलणार आहोत.

आम्ही 'विजयंता' निवडला. हा रणगाडा चेन्नईजवळच्या आवडी इथे तयार होत असे. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय 1994 पासून आहे. तिथे असे रणगाडे जवळून पाहता येतात. वही घेऊन जा.

पहिलं काम मापाचं. आमचं प्रमाण 1:16 आहे. म्हणजे खऱ्यातले 16 सेंटीमीटर, तो आपला 1 सेंटीमीटर. खरा विजयंता सुमारे 3 मीटर 17 सेंटीमीटर रुंद, आपला 20 सेंटीमीटरला जरा कमी. खऱ्या तोफेच्या नळीचं तोंड 105 मिलिमीटर, आपलं साडेसहा. खरा जवान 168 सेंटीमीटर उंच धरला, तर आपला साडेदहा. बुरुजावरच्या झाकणातून हा जवान आत उतरला पाहिजे. पाण्याच्या बाटलीचं टोपण त्या मापाला बसतं. वाटीएवढं झाकण लावलं, तर सगळा रणगाडा खेळणं दिसतो. ब्लाउजचा बाह्या-गळा बिघडला की कळतं ना, तसंच.

आता सामान. वेल्डिंगची रेघ हवी असेल तर शिवणाचा दोरा फेव्हिकॉलमध्ये भिजवून सांध्यावर बसवा आणि सुईच्या टोकाने दाबत जा. बोल्टची डोकी काढायला मेंदीच्या कोनात फेव्हिकॉल भरा. एकसारखे ठिपके पाडायला मेंदी काढणाऱ्या हाताला शिकवावं लागत नाही. ओढायचा दोर म्हणजे तांब्याच्या तीन तारांचा पीळ. ताडपत्रीला जुन्या मलमलचा तुकडा, पातळ फेव्हिकॉलात बुडवून, ओला असतानाच घड्या घालून. हेडलाइटच्या आत गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी. अँटेनाला खराट्याची हीर.

रंग चकचकीत नको, मॅट हिरवा घ्या. चिखलासाठी शेतातली माती मलमलने गाळून फेव्हिकॉलमध्ये कालवा. पण लावायची कुठे? चाकांना, पट्ट्यांना आणि त्यांच्या आसपास. रंग उडालेला दाखवायचा तो जवान चढतात-उतरतात तिथे. जिथे पाय पडत नाही, तिथे रंग शाबूत ठेवा.

तीन गोष्टी जपा. बुरूज हलका ठेवा. वरचं वजन वाढलं की गाडी चढावर डोलते, मोटारीवर ताण येतो. बॅटरीचं झाकण चिकटवू नका. आणि रिसीव्हरच्या अँटेनाभोवती पन्नी किंवा धातूची जाळी लावू नका, रिमोटचा सिग्नल अडतो. प्रत्येक टप्प्यानंतर गाडी चालवून बघा, बुरूज फिरवून बघा.

आता मुद्द्याचं. असं मॉडेल विकायची वेळ येते तेव्हा मोटार, बॅटरी, रिमोट यांची बिलं समोर ठेवली जातात. त्यात दोरा, टोपण, मलमल यांचं मोल काहीच लागत नाही, म्हणून आपल्या संध्याकाळीही फुकटच धरल्या जातात. "बायकांनी हौसेनं केलं," असं म्हणून विषय संपतो. पण चालणाऱ्या डब्याचा विजयंता झाला तो याच कामामुळे. गिऱ्हाईक वाकून बघतं ते बोल्ट आणि दोर.

म्हणून आमच्या गटाने नियम केला आहे. कामाला बसताना वहीत तास लिहायचे, उठताना लिहायचे. किंमत ठरवताना ते तास मोटारीच्या बिलाशेजारी मांडायचे. पैसे आले की ज्या हातांनी काम केलं त्यांच्या नावाने वाटायचे. आणि मॉडेलच्या तळाशी मुलांच्या नावांबरोबर आपलीही नावं लिहायची.

तुमच्या गटात रणगाडा नसेल, गणपतीचं मखर असेल, बाहुली असेल. मोजपट्टी तीच, वहीही तीच. तास लिहायला आजपासूनच लागा.