आकाशाचे छायाचित्र आणि गावचा काळोख



मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. दोंडाईच्याच्या महाविद्यालयात शिकवतो. आमचे गाव मिरचीच्या बाजारासाठी आणि सुरत-भुसावळ रेल्वेसाठी लोकांना ठाऊक आहे. आकाशासाठी ते कोणाला ठाऊक असण्याचे काही कारण नाही. तरीही आज मी तुमच्याशी आमच्याकडच्या आकाशाविषयीच बोलणार आहे, आणि ते का, हे एका रात्रीच्या हकिकतीवरून सांगतो.

कार्तिकातली अमावास्या होती. गावापासून सात-आठ मैलांवर माझ्या एका विद्यार्थ्याचे शेत आहे. त्याने जुना कॅमेरा कोणाकडून तरी विकत घेतला होता, आणि त्याच्या मामाने, जे सुतारकाम करतात, त्याला दोन फळ्यांचे एक यंत्र करून दिले होते. आम्ही दोघे बांधावर बसून उत्तरेकडे कॅमेरा लावून होतो. रात्रीचे नऊ वाजले असतील. इतक्यात बॅटरी घेऊन एक वयस्क शेतकरी आले. आमच्याकडे शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते; तेव्हा गव्हाला पाणी भरायचे तर रात्रीच निघावे लागते. आम्हांला पाहून ते थांबले नि म्हणाले, "काय दखी ऱ्हायनात सर?"

मी म्हटले, "आबा, बॅटरी विझवा आणि दहा मिनिटे नुसते बसा. मग दाखवतो."

आबा बसले. अंधाराला डोळे सरावल्यावर मी त्यांना शर्मिष्ठेचे पाच तारे दाखवले, महाश्वाचा मोठा चौकोन दाखवला, आणि त्या दोहोंच्या मधला एक पुसट ठिपका दाखवला. आबा म्हणाले, "हा डाग तर मी लहानपणापासून बघतो. मला वाटे, माझ्याच डोळ्यांत काही दोष आहे."

आबांच्या डोळ्यांत दोष नव्हता. तो डाग म्हणजे देवयानी दीर्घिका. आपला सूर्य ज्या आकाशगंगेतला एक तारा आहे, तशीच ती दुसरी आकाशगंगा, अब्जावधी ताऱ्यांची. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. तो निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. एवढ्यात विद्यार्थ्याने कॅमेऱ्याच्या पाठीवरचे चित्र आबांपुढे धरले. डोळ्यांना दिसणाऱ्या डागाची तिथे लांबट, तिरपी चकती झाली होती, आणि तिच्या एका कडेला काळसर पट्टाही उमटला होता. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तुमच्या यंत्राला दिसतं, मग मला का नाही दिसत?"

श्रोतेहो, फार चांगला प्रश्न आहे हा. आजच्या भाषणाचा अर्धा भाग या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

उन्हाळ्यात आपण कोरड्या नदीच्या वाळूत झिरा खणतो. पाणी थेंबाथेंबाने पाझरते. ओंजळ लावली आणि लगेच उपडी केली, तर हाती काहीच लागत नाही. घागर लावून रात्रभर ठेवली, तर सकाळी ती भरलेली असते. आपला डोळा ही ओंजळ आहे. आलेला प्रकाश तो सेकंदाच्या लहानशा अंशापुरता धरतो आणि लगेच सोडून देतो. कारण चालताबोलता जगाकडे पाहण्यासाठी तो घडला आहे. कॅमेरा ही घागर आहे. त्याची खिडकी अर्धा मिनिट उघडी ठेवली, तर अर्ध्या मिनिटाचा प्रकाश साठतो. अशी साठ चित्रे घेऊन संगणकावर एकावर एक जुळवली, तर अर्ध्या तासाचा प्रकाश जमा होतो. शिवाय एकेका चित्रात जी खोटी खरखर असते, ती प्रत्येक चित्रात निराळी असल्यामुळे जुळवणीत पुसट होत जाते. शंभर चित्रे जुळवली की ती एक दशांश उरते.

अडचण एवढीच, की घागर स्थिर हवी आणि आपली पृथ्वी तर फिरते आहे. तासाला १५ अंश, म्हणजे चार मिनिटांना एक अंश, या गतीने सारे आकाश सरकताना दिसते. कॅमेरा नुसता तिकाटण्यावर ठेवला, तर काही सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा होतात. याच्यावरचा तोडगा म्हणजे मामांनी केलेले ते दोन फळ्यांचे यंत्र. शिक्षक बंधूंनी हे जरूर टिपून घ्यावे, कारण कोणत्याही शाळेत ते करता येईल.

दोन फळ्या एका कडेला बिजागरीने जोडायच्या. खालची फळी पक्की बसवायची, वरच्या फळीवर कॅमेरा. बिजागरीपासून २२९ मिलिमीटर अंतरावर खालच्या फळीतून सहा मिलिमीटर जाडीचा आट्यांचा बोल्ट वर काढायचा. बाजारात मिळणाऱ्या अशा साध्या बोल्टचा एक आटा एक मिलिमीटरचा असतो. हा बोल्ट मिनिटाला एक फेरा याप्रमाणे हाताने फिरवला, की वरची फळी नेमकी पृथ्वीच्या गतीने उघडत जाते आणि कॅमेरा ताऱ्यांबरोबर चालतो. मात्र बिजागरीचा कणा ध्रुवाकडे रोखलेला पाहिजे. आमच्या दोंडाईच्याला ध्रुव क्षितिजापासून साधारण २१ अंशांवर दिसतो, कारण आमच्या गावाचा अक्षांशच तेवढा आहे. मुलांना अक्षांश शिकवण्याचा याहून सोपा धडा मला ठाऊक नाही. दहा मिनिटे झाली, की बोल्ट मागे फिरवून पुन्हा सुरुवात करायची. हे यंत्र स्कॉटलंडच्या हेग नावाच्या हौशी गृहस्थांनी १९७५ मध्ये लोकांपुढे मांडले आणि तेव्हापासून जगभरच्या हौशी लोकांनी ते आपापल्या घरी केले.

हौशी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आकाशाच्या छायालेखनात हौशी माणसांचा वाटा मोठा आहे. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये घेतले. ते पेशाने वैद्य होते. १८८३ मध्ये इंग्लंडच्या कॉमन यांनी त्याच तेजोमेघाचे असे चित्र घेतले, की दुर्बिणीतूनही डोळ्यांना न दिसणारे तारे त्यात उमटले. ते सांडपाण्याच्या कामाचे इंजिनिअर होते. आणि आबांनी पाहिलेला देवयानीतला तो डाग भोवऱ्यासारखा वळसेदार आहे, हे १८८८ च्या छायाचित्राने दाखवणारे आयझॅक रॉबर्ट्‌स इमारती बांधण्याच्या धंद्यात होते.

त्याच १८८८ साली आपल्या पुण्यातही एक वेधशाळा उभी राहत होती. सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून ती उभारली. तिथली मोठी दुर्बीण त्या काळी साऱ्या हिंदुस्थानात मोठी गणली जाई. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपला सरंजाम घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले आणि तिथे त्यांनी ग्रहणाची छायाचित्रे घेतली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. हौशी मंडळींची ती संस्था आजही चालू आहे.

तुम्ही म्हणाल, पुण्याचे पुण्याला. आम्हां खानदेशकरांचे काय? तर ऐका. चाळीसगावजवळच्या पाटण गावी एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. त्या मठाला १२०७ मध्ये दिलेल्या दानाची नोंद त्या लेखात आहे. आणि भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे १८९० च्या सुमारास आपल्या धुळ्याच्या ट्रेनिंग शाळेत शिक्षक होते. सामान्य वाचकांसाठी त्यांनी ताऱ्यांवर एक पुस्तक लिहिले, 'ज्योतिर्विलास'. त्याचे दुसरे नाव ठेवले 'रात्रीची दोन घटका मौज'. दीक्षितांना वेधशाळा मिळालेली नव्हती. दिवसा शाळा, आणि रात्री डोळ्यांसमोर हेच आपले आकाश!

बरे, छायाचित्रात दिसतात ते रंग खरे असतात का, असे मला पुष्कळ जण विचारतात. रंग खरे असतात. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. चांदण्यात लाल लुगडे काळपट दिसते, हे आपण जाणतोच. मृगाच्या बाणाखाली जो तेजोमेघ आहे, त्याचा तांबूस रंग तापलेल्या हायड्रोजन वायूचा. त्याचा प्रकाश सुमारे तेराशे वर्षांपूर्वी निघाला, बदामीच्या चालुक्यांच्या काळात. कृत्तिकांभोवतीची निळसर धूसरता ही धुळीवर पडलेल्या ताऱ्यांच्या उजेडाची. तो प्रकाश निघाला तेव्हा आपल्या खानदेशावर फारुकी सुलतानांची सत्ता होती. मार्गशीर्ष-पौषात संध्याकाळपासून ही तिन्ही स्थळे आपल्या डोक्यावरून जातात. चैत्र-वैशाखात मध्यरात्रीनंतर उठलात, तर वृश्चिक आणि धनु राशींतून आकाशगंगेचा दाट पट्टा वर येताना दिसेल. त्याला तर फळ्यांचे यंत्रही नको. बरा मोबाईल तिकाटण्यावर ठेवला तरी चित्र निघते.

आता हकिकतीचा पुढचा भाग सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आम्ही पुन्हा त्याच बांधावर गेलो. कॅमेरा तोच, फळ्या त्याच, आकाश निरभ्र. पण चित्र उमटले ते पांढुरके, दुधात पाणी घातल्यासारखे. देवयानी होती, पण तिचा नुसता गाभा दिसत होता; ती चकती आणि तो काळसर पट्टा कुठच्या कुठे गेला होता. विद्यार्थ्याला वाटले, आपलेच काही चुकले. त्याने तीन वेळा सारे पुन्हा जुळवले. मग मागे वळून पाहिले. गावाच्या वेशीवर नवा उंच खांब उभा राहिला होता आणि त्याच्यावरचे चार झगझगीत दिवे चारी बाजूंना शेतांवर, झाडांवर आणि आभाळात प्रकाश टाकत होते.

मुलगा हिरमुसला. मला म्हणाला, "सर, आता कुठं जायचं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी दिव्याच्या विरुद्ध नाही. वाटेवर साप असतो, रानात बिबट्या असतो, बायाबापड्यांना रात्री बाहेर पडावे लागते. गावात दिवा आला हे चांगलेच झाले. पण वेशीवरचा दिवा वाटेवर पडावा की आभाळात? आभाळात गेलेल्या उजेडाने कोणाची ठेच चुकत नाही; त्याचे वीजबिल मात्र गावालाच भरावे लागते. उजेडावर किडे कसे झेपावतात, हे प्रकाशसापळा लावणाऱ्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. तो प्रकाश हवेतल्या धुळीवर विखुरतो, आणि जो तारा २५ लाख वर्षे वाट चालून आपल्या दारात आला, त्याला आपण उंबऱ्यावरून परत पाठवतो.

ग्रामसभेत हे बोलायला मुलाला धीर होईना. बोलले ते आबा. ते म्हणाले, "दिवा काढू नका, त्याला फक्त खाली पाहायला सांगा." सभेत हशा पिकला, पण पंधरा दिवसांनी शेताकडचे दोन दिवे खाली वळवले गेले आणि त्यांच्यावर पत्र्याच्या टोप्या बसल्या. उरलेले दोन अजून तसेच आहेत. पौषातल्या अमावास्येचे चित्र कार्तिकातल्यासारखे आले नाही. पण चकती पुन्हा दिसली. काळसर पट्टा अजून यायचा आहे.

श्रोतेहो, जानेवारी २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातले ते पहिलेच. वाघासाठी रान राखावे, तसे ताऱ्यांसाठी तिथे अंधार राखला जात आहे. मुंबईच्या माणसाकडे कितीही भारी दुर्बीण असली, तरी हा अंधार त्याला विकत घेता येत नाही. आपल्या बांधावर तो आज फुकट आहे, आणि त्याला आपण मागासलेपणा समजतो! माझे एवढेच सांगणे, की ते आपले धन आहे. ज्या शेतकऱ्याला रात्री पाणी भरायला जावे लागते, त्याच्या कष्टांचे मी कौतुक करणार नाही. त्याला दिवसाची वीज मिळायलाच हवी. पण त्याच्या डोक्यावर जे आहे, ते त्याच्या मुलांनाही दिसले पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. येत्या अमावास्येला मुलांना शाळेच्या मैदानावर बोलवा. सरपंचांना सांगून मैदानावरचा दिवा पंधरा मिनिटे बंद करा. दहा मिनिटे कोणी बोलू नये. मग शर्मिष्ठा दाखवा, किंवा ऋतूप्रमाणे सप्तर्षींची बाज दाखवा, आणि किती तारे मोजता येतात ते मुलांना वहीत लिहायला लावा. पुढच्या वर्षी त्याच तिथीला पुन्हा मोजा. आकडा कमी झाला, तर ती वही घेऊन ग्रामसभेत जा. कॅमेरा नसला तरी चालेल.

आबा आता पाणी भरायला निघाले, की बांधाजवळ आल्यावर बॅटरी आपणहून विझवतात. परवा मला म्हणाले, "सर, आज डाग नीट आहे."