गाडी आपल्या नावाची, आपल्या हातची



आमच्या गटात आम्हा चार-पाच जणींना गाड्यांचं भारी वेड. बचतीचा हिशोब मिटला की आमचा गाड्यांचा हिशोब सुरू होतो. कुणाची किती ॲव्हरेज देते, कुणाच्या स्कुटीचा बेल्ट वाजतोय. आता गटाकडं कर्जाचे अर्ज येतात त्यातही शेळी आणि शिलाई मशीनच्या जोडीला दुचाकी दिसायला लागली आहे. म्हणून आज आमची मतं तुमच्यापुढं मांडतो.

गाडी घ्यायची म्हटलं की घरात आधी रंग ठरतो, मग मॉडेल, आणि ती चालवणार कोण हे सगळ्यात शेवटी. आमचं म्हणणं, हे उलटं करा. जी रोज चालवणार तिचा रस्ता आणि तिचं ओझं आधी बघा. डांबरीनं वडीगोद्री, शहागडला जाणं-येणं असेल तर स्कुटी चांगली. पण स्कुटीचं चाक दहा-बारा इंची. पांदीच्या काळ्या चिखलात ते लवकर रुतून बसतं. शेतात डबा, दुधाची कॅन, पेंडीचं पोतं न्यायचं असेल तर सोळा इंची चाकांची मोपेड बरी. तिला गिअर नाही आणि पुढं सामान ठेवायला जागा. लोक तिला हलकी गाडी म्हणून नावं ठेवतात, ठेवू द्या. १९७२ साली फिरोदियांची लुना आली तीही अशीच हलकी होती, आणि तिच्यावर कितीतरी घरांचे संसार चालले. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किकची गरज नाही, बटण दाबलं की चालू. तेव्हापासून बायकांना स्कूटर सोपी झाली.

शोरूममध्ये गाडीवर बसून बघा. दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? मेन स्टँडवर गाडी आपली आपल्याला चढवता येते का? नसेल येत तर ती गाडी आपली नाही. बॅटरीची गाडी घेणार असाल तर रोजचं अंतर मोजा आणि लाईट किती तास असते तेही धरा.

आता पैशाचं. शोरूममध्ये 'फक्त दहा टक्के' असं ऐकलं की विचारा, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? ६० हजार रुपये तीन वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅटनं घेतले तर व्याज १८ हजार आणि हप्ता सुमारे २,१६७ रुपये. तेच दहा टक्के घटत्या शिलकीवर असतील तर हप्ता सुमारे १,९३६ आणि व्याज ९,७०० च्या आसपास. टक्के तेवढेच, पण आठ हजारांचा फरक. गटात आपण व्याजाचा आकडा रजिस्टरला लिहून घेतो, तसाच इथंही लिहून मागा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाव. हप्ता ताई फेडते, गाडी ताई चालवते आणि आरसी बुकावर नाव दादांचं, असं घरोघर दिसतं. यात भांडणाचा विषय नाही, विम्याचा आहे. थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, पण तो आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देतो. चालवणाऱ्या मालकासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा असतो, १५ लाखांचा. तो मिळायला आरसीवर आणि पॉलिसीवर नाव त्याच माणसाचं लागतं, आणि लायसन्सही लागतं. म्हणजे गाडी दादांच्या नावावर आणि अपघात ताईला झाला, तर हा विमा तिच्या लेकरांच्या कामी येत नाही. नाव ताईचं पण लायसन्स नाही, तरीही तेच. नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो, पण हा अपघात विमा कधी एकाच वर्षाचा काढलेला असतो. तारीख बघा.

शिकाऊ लायसन्स आता आधार कार्डावर ऑनलाइन निघतं. ते सहा महिने चालतं. तीस दिवसांनंतर आरटीओत परीक्षा देऊन पक्कं करायचं. आणि सोळा वर्षांच्या लेकाच्या हातात मोटारसायकलची चावी देऊ नका. अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

जुनी गाडी स्टँप पेपरवर घेऊ-विकू नका. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलून घ्या. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे की नोंदणीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. विकलेल्या गाडीचं ओझं आपल्या डोक्यावर कशाला?

आणि चालवण्याचं. गाळप हंगामात आपल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. ट्रॉलीचा मागचा दिवा लोंबणाऱ्या उसानं झाकला जातो, म्हणून अंधारात अंतर ठेवूनच चला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतील तर पुढं जाताना दोन्हींची लांबी धरा. वळणावर तिच्या आतल्या बाजूला कधीच शिरू नका, मागची ट्रॉली आत ओढली जाते. समोर स्वच्छ दिसत नसेल तर मागं थांबा. पाच मिनिटं उशीर झाला तर भाकरी गार होईल, एवढंच. हेल्मेट आयएसआय छापाचं घ्या आणि पट्टा लावा. मागं बसणारीलाही तेच. पदर खोचा, ओढणीला मागं गाठ मारा.

गाडी म्हणजे काय हो? रात्री लेकराला ताप आला तर कुणाची वाट न बघता दवाखाना गाठता येणं. दूध वेळेत डेअरीला पोचणं. एवढ्यासाठी आपण घामाचा पैसा घालतो, तर ती कागदावरही आपलीच असू द्या.

पुढच्या बैठकीला तीन कागद घेऊन या: आरसी, लायसन्स आणि विम्याची पॉलिसी. तिन्हींवर नाव एकच आहे का, ते एकमेकींचं वाचून बघा. जिथं जुळत नसेल तिथं त्याच महिन्यात काम सुरू करा.