अवधाण का येते?



माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे. पण पायात काटा मोडून जांघेत गाठ आली की दोन्हीकडे ‘अवधाण आलं’ असेच म्हणतात. ही गाठ नव्याने उगवत नाही. ती मुळातच असते, फक्त सुजते.

रक्तातून पाझरलेले सगळेच पाणी लगेच रक्तात परतत नाही. उरलेले, दिवसाला सुमारे ३ लिटर, बारीक नळ्यांतून गळ्याच्या हाडापाशी रक्ताला मिळते. त्यालाच लसिका म्हणतात. तिला हृदयासारखा पंप नाही. आपल्या चालण्याने, श्वासाने ती सरकते. ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहून पाय का सुजतात, ते आता कळले ना! वाटेत शेकडो गाठी चाळणीसारख्या बसलेल्या असतात. जंतू तिथे अडतात.

प्लेगला ‘गाठीचा ताप’ म्हणत, तो याच गाठींमुळे. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच तापाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

जखम भरली की अवधाण बसते. पण जखम नसताना काखेत गाठ आली, दुखत नाही, दोन-तीन आठवड्यांत बसतही नाही, तर लाजून पदराखाली झाकू नका, लेप लावत बसू नका. ती स्तनाच्या कर्करोगाची खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा. मानेतली गंडमाळ पुष्कळदा क्षयाची असते, आणि ती आता सहसा सहा महिन्यांच्या औषधाने बरी होते.