बेकारीचा विमा आणि त्याची तारीख



आजचा आमचा विषय अमेरिकेतील आहे. २००८ ते २०१४ या काळात तेथील काँग्रेसमध्ये एकाच प्रश्नावर पुनःपुन्हा रण माजले : बेकारांना मिळणाऱ्या आपत्कालीन भत्त्याची मुदत वाढवावयाची की नाही? अमेरिका म्हणजे कुबेराचे घर, तेथे बेकार कुठले, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. तेव्हा आधी तेथील व्यवस्था पाहू.

बेकारी विम्याचा देशव्यापी पाया १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने घातला. हा विमा राज्ये चालवितात. पैसा येतो तो मालकांवर बसविलेल्या करातून. बहुतेक राज्यांत कामगाराच्या पगारातून काही कापीत नाहीत. स्वतःच्या दोषावाचून ज्याचे काम सुटले आणि जो नवे काम शोधीत आहे, त्यालाच भत्ता मिळतो. रक्कम ढोबळ मानाने पूर्वीच्या पगाराच्या निम्मी आणि मुदत, २००८ साली, सामान्यतः २६ आठवड्यांची. याला भीक म्हणणारे तेथे आहेत, येथेही निघतील. पण घर जळाल्यावर विम्याचे पैसे घेणाऱ्यास कोणी भिकारी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

बऱ्या दिवसांत सहा महिन्यांत बहुतेकांना दुसरे काम मिळते. बाजार बसला की मिळत नाही. अशा वेळी आणखी काही आठवड्यांची सोय केंद्राने करावी, ही वहिवाट १९५८ साली आयझेनहॉवर यांच्या कारकीर्दीत पडली आणि १९६१ साली केनेडी यांनी ती पुढे चालविली. म्हणजे ही काही एका पक्षाची कल्पना नव्हे. २००८ च्या जूनअखेरीस नव्या योजनेवर सही केली तीही रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनीच. प्रारंभी तीत १३ आठवडे होते. पुढे मंदी वाढली, ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारीचे प्रमाण शेकडा १० झाले, आणि आठवडेही वाढत गेले. राज्याचे २६, आपत्कालीन योजनेच्या चार पायऱ्यांचे मिळून ५३, आणि आणखी एका जुन्या कायद्याखालचे २०. असे जेथे बेकारी फार, त्या राज्यांत एकूण ९९ आठवडे झाले.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ‘मुदतवाढ’ या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एक, माणसाला मिळणारे आठवडे वाढविणे. दुसरी, योजना ज्या तारखेस बंद व्हावयाची ती तारीख पुढे ढकलणे. काँग्रेसने योजना दिली ती नेहमी तारीख घालून, आणि तारीखही कधी कधी दोन-दोन महिन्यांची. तारीख उलटली की पायरीवर असलेल्याने ती पायरी पुरी करावी. पुढच्या पायरीवर पाय ठेवावयाचा नाही. आणि ज्याचे २६ आठवडे नुकतेच संपले, त्याला पहिलीही पायरी मिळावयाची नाही.

२ जून २०१० रोजी अशीच तारीख उलटली. सिनेटमध्ये चर्चा थांबवून मत घ्यावयाचे तर १०० पैकी ६० सभासदांची संमती लागते. रिपब्लिकनांचे म्हणणे असे की, आधीच देश कर्जात बुडालेला. हे सुमारे ३,४०० कोटी डॉलर दुसरा कोणता खर्च कापून देणार ते सांगा. हे म्हणणे सर्वस्वी हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्या वर्षीची तूट एक लक्ष कोटी डॉलरांच्या वर होती. पण घरभाडे काही तूट भरून निघेपर्यंत थांबत नाही. त्यातच २८ जूनला वेस्ट व्हर्जिनियाचे वयोवृद्ध सिनेटर रॉबर्ट बर्ड वारले आणि साठाच्या आकड्यास एक मत कमी पडू लागले. जुलैचा निम्मा महिना उलटला. अडकलेल्यांची संख्या २५ लाखांच्या घरात गेली. २० जुलैला बर्ड यांच्या जागी नेमलेल्या कार्ट गुडविन यांनी शपथ घेतली, आणि काही मिनिटांतच मते मोजली गेली : ६० विरुद्ध ४०. मेन राज्याच्या दोन रिपब्लिकन बाईंनी, ऑलिंपिया स्नो व सुसान कॉलिन्स यांनी, बाजूने मत दिले. नेब्रास्काच्या बेन नेल्सन या डेमोक्रॅटाने विरुद्ध दिले. २२ जुलैला ओबामांची सही झाली. राहिलेली बाकी जूनपासून मिळावयाची होती खरी. परंतु सात आठवडे ज्याने उसनवारीवर काढले, त्याला व्याज कोणी दिले नाही.

भत्त्याने माणूस आळशी होतो, हा दुसरा आक्षेप. काही लोक त्यामुळे थोडे थांबून काम पत्करीत असतील, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि २००९ च्या मध्यास एका रिकाम्या जागेमागे सुमारे सहा बेकार होते. सहाही जणांनी कंबर कसली तरी जागा एकच!

आणि ज्यांचे ९९ आठवडे संपले त्यांचे काय? त्यांना तेथे ‘नाइन्टीनायनर’ असे नाव पडले. जुलैच्या त्या कायद्यात त्यांच्यासाठी एकही नवा आठवडा नव्हता. डिसेंबर २०१० मध्ये श्रीमंतांसकट सर्वांच्या करसवलती चालू ठेवण्याच्या बदल्यात तारीख तेरा महिने पुढे गेली, तेव्हाही नव्हता. वर्तमानपत्रांत ‘मुदतवाढ मंजूर’ असे वाचून या लोकांनी कचेरीत जावे आणि ती आपली नव्हे असे ऐकून परतावे, याला काय म्हणावे?

२०१२ मध्ये आठवडे कमी करण्यात आले. २८ डिसेंबर २०१३ ला तारीख पुन्हा उलटली. या वेळी पायरी पुरी करण्याचीही सवलत नव्हती. सुमारे १३ लाख लोकांचा भत्ता एकदम थांबला. ऱ्होड आयलंडचे डेमोक्रॅट जॅक रीड आणि नेवाडाचे रिपब्लिकन डीन हेलर यांनी मिळून पाच महिन्यांचे विधेयक आणले, आणि खर्च कोठून काढावयाचा हेही त्यात लिहिले. म्हणजे २०१० चा आक्षेप उरला नाही. ७ एप्रिल २०१४ ला सिनेटने ते ५९ विरुद्ध ३८ मतांनी संमत केले. प्रतिनिधिगृहाचे सभापती बेनर यांनी ते मतास घातलेच नाही. मागील तारखेपासून भत्ता देणे राज्यांना जमणार नाही आणि रोजगार वाढविण्याची तरतूद त्यात नाही, असे त्यांचे म्हणणे. मे महिना संपला तेव्हा विधेयकातले ते पाच महिनेही उलटून गेले होते.