चाक कुणाच्या हाती?

(केंद्राच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी प्रवासाबद्दल बोलावं असं ठरलं, तेव्हा मला संकोचच वाटला. इथे आपण पोटगी, मारझोड, रेशनकार्ड यांबद्दल बोलतो. त्यात कॅरिबियन समुद्रातल्या बेटावरची भटकंती कुठे बसवायची? पण ती भटकंती शेवटी आपल्या केंद्राच्या दारातल्या गाडीपाशी येऊन थांबली, म्हणून सांगते.

माझ्या नवऱ्याने एक वर्ष सुट्टी घेऊन मित्राची शिडाची बोट चालवायला घेतली. मी तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून मार्तिनिकला त्याच्याकडे गेले. हे बेट फ्रान्सचा भाग आहे. लांबी जेमतेम ६५ किलोमीटर. दक्षिणेला ल मारँ नावाचं बंदर आहे, तिथे शेकडो बोटी उभ्या असतात. त्यातच आमची.

बोटीवर राहणं म्हणजे मुक्त जीवन, असं सगळे म्हणतात. पण गोडं पाणी मोजून वापरायचं, हलत्या शेगडीवर स्वयंपाक करायचा, कपड्यांचं गाठोडं छोट्या होडीतून धक्क्यावर न्यायचं, हे सारं कोण करत होतं? बंदराच्या कागदावर नवरा कप्तान आणि मी खलाशी. घर तरंगतं झालं, कामाची वाटणी मात्र जमिनीवरचीच राहिली.

बेट पाहायला आम्ही सर्वांत स्वस्त गाडी भाड्याने घेतली, चार दिवसांसाठी. दाराला पोचा आलेला, काच हाताने फिरवून खाली करायची. कचेरीतल्या माणसाने लायसन अर्थातच नवऱ्याकडे मागितलं. त्याची मुदत संपलेली होती! माझं चालू होतं, आंतरराष्ट्रीय परवानाही मी काढून आणला होता. पण खरं सांगते, सहा वर्षांत मी चाक हातात धरलं नव्हतं. आमच्याकडे गाडी 'त्याची' आणि मी शेजारी बसणारी.

तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पहिल्याच वळणावर मी दिव्याऐवजी वायपर सुरू केला. शेजारून "ब्रेक, ब्रेक" चालूच. शेवटी गाडी कडेला घेतली, नकाशा नवऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "तू रस्ता सांग. ब्रेकचं मी बघते."

पहिलं गाव लागलं रिव्हिएर-पिलोत. बेटावर १८४८ साली गुलामगिरी संपली, पण जमीन गोऱ्या मळेवाल्यांकडेच राहिली. १८७० च्या सप्टेंबरमध्ये या दक्षिण भागात उठाव झाला, त्यात बायका पुढे होत्या. त्यांतली ल्युमिना सोफी शिवणकाम करणारी, वय २१, आणि गरोदर. तिला जन्मठेपेची सक्तमजुरी झाली. बाळंतपण तुरुंगात झालं. मग तिला फ्रेंच गयानाला पाठवलं, तिथे १८७९ साली ती वारली. उण्यापुऱ्या ३१ वर्षांचं आयुष्य.

दुसऱ्या दिवशी ल फ्रांस्वा. पोलेत नार्दाल इथे १८९६ साली जन्मली. पॅरिसला जाऊन शिकली, तिथे १९३१ साली काळ्या लोकांचं मासिक काढणाऱ्यांत ती होती. कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाचा जो विचार पुढे जगभर गाजला, त्याची पायाभरणी तिच्या घरच्या बैठकींत झाली. नाव मात्र पुरुषांचं झालं. बेटाच्या विमानतळालाही नाव आहे ते कवी एमे सेझेर यांचं. फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क १९४४ साली मिळाला. त्यानंतर मायदेशी पोलेतने स्त्रियांची संघटना बांधली आणि एक मासिक चालवलं. त्याच्या नावाचा अर्थ 'नगरातली स्त्री'. आपलं त्रैमासिक चालवताना छपाईच्या पैशांसाठी आपण किती वणवण करतो, ते तिथे उभी असताना आठवलं.

तिसऱ्या दिवशी उत्तरेला बास-प्वँत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीचे मळे. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांनी १८५३ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले, सुमारे २५ हजार, बहुतेक तमिळ मुलखातले. त्यांचं देऊळ या भागात आहे. देवीला तिथे मारीएमेन म्हणतात. मला आपली मरीआईच आठवली.

त्याच मळ्यांत १९७२ ते १९९३ क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक वापरलं गेलं. १९७४ साली केळीच्या मजुरांनी संप केला, तेव्हा विषारी औषधं बंद करा हीही त्यांची मागणी होती. त्यांच्यावर गोळीबार झाला. फ्रान्समध्ये १९९० साली बंदी आली, पण या बेटांवर आणखी तीन वर्षं वापराची मुभा दिली गेली. आज दहापैकी नऊहून जास्त प्रौढांच्या रक्तात ते विष सापडतं. बोटीवरून हेच मळे किती हिरवेगार दिसत होते!

चौथ्या दिवशी घाटातून उतरताना नवरा शेजारी चक्क झोपला होता. तेव्हा मला गेल्या पावसाळ्यातली ती रात्र आठवली. तुम्हालाही आठवत असेल. दहा वाजता एका बाईचा फोन आला. नवऱ्याने घराबाहेर काढलेलं, दोन मुलं जवळ, वर पाऊस. आपला ड्रायव्हर गावी गेलेला. केंद्राची गाडी दारात उभी, किल्ली खिळ्याला, आणि आम्ही तिघी पहाटेपर्यंत फोन लावत बसलो. ती बाई शेवटी नवऱ्याच्याच दारात परत गेली. त्या तिघींपैकी दोघींकडे लायसन होतं. त्यातली एक मी.

बोटीवर परतल्यावर आम्ही कामाचे वार वाटून घेतले. नांगर टाकायला मी शिकले, मासळी साफ करायला तो शिकला. भांडणंही झाली. ती अजून चालू आहेत.

पण मला आज बोलायचं आहे ते त्या किल्लीबद्दल. या खोलीत चौघींकडे लायसन आहे, मी येण्याआधी विचारून घेतलं. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर केंद्राची गाडी आणते. ज्यांचं लायसन कपाटात पडलंय त्यांनी ते घेऊन या. ज्यांच्याकडे नाही त्यांनी अर्ज भरायला या. पुढचा फोन कोणत्या रात्री येईल, ते आपल्या हातात नाही. चाक आहे.